नळ्यांना बोलके करणारा सुतारपुत्र : आर्प श्निटगर

स्तोत्रसंहितेतील शेवटच्या स्तोत्रात देवाच्या स्तवनासाठी वाद्यांची नावे एकापाठोपाठ एक येतात. ती वाद्ये ज्यांनी घडविली त्यांची नावे मात्र तेथे नाहीत. आमच्या उपासनेतही असेच घडते. गीत कोणी रचले हे गीतपुस्तकात छापलेले असते, चाल कोणाची हेही कधी कधी सापडते. परंतु पेटी कोणी बनविली, तिचे सूर कोणी लावले, भात्याला चामडे कोणी चिकटविले, हे कोणी विचारीत नाही. ह्या महिन्यात आम्ही अशाच एका वाद्यकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव आर्प श्निटगर. तो जर्मनीत जन्मला आणि तीनशे वर्षांपूर्वी वारला. युरोपातील चर्चमधील मोठे ऑर्गन म्हटले की जाणकारांच्या तोंडी आजही पहिल्या दोनचार नावांत त्याचे नाव येते.

हेच चरित्र आता का, असा प्रश्न वाचक विचारतील. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवल घडले आहे. श्निटगरच्या काळातील ऑर्गन आता घरच्या संगणकावर वाजविता येतात. आम्ही राहतो त्या काचीगुड्यात घराला घर लागून आहे आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा रेडिओ ऐकू येतो. अशा ठिकाणीही कानाला हेडफोन लावून एखादा तरुण तीन शतकांपूर्वीच्या नळ्यांचा आवाज आपल्या बोटांनी काढू शकतो. ह्या सोयीविषयी पुढे लिहू. आधी त्या नळ्या कोणी घडविल्या ते पाहू.

जन्म व उमेदवारी

आर्पचा जन्म १६४८ सालच्या जुलै महिन्यात उत्तर जर्मनीतील श्मालनफ्लेट ह्या खेड्यात झाला. वेझर नदीच्या काठचा हा सखल, पाणथळ मुलूख. त्याच वर्षी जर्मनीला तीस वर्षे होरपळून काढणारे युद्ध तहाने संपले. आपल्याकडे त्याच सुमारास दक्षिणेत जिंजीजवळ शहाजीराजांना आदिलशाही सरदारांनी कैद केले होते, आणि शिवाजीराजे अठरा वर्षांचे होते. यावरून काळाचा अंदाज वाचकांस येईल.

आर्पचा बाप सुतारकाम करी. श्निटगर ह्या आडनावाचा अर्थच लाकूड कोरणारा असा आहे. लाकडाची पारख, सांधा बेमालूम बसविणे, रंधा मारणे ही विद्या मुलाने घरीच उचलली असणार. जवळच्या गोल्ट्सवार्डेन गावच्या चर्चशी ह्या कुटुंबाचे नाते होते. पुढे नावलौकिक मिळाल्यावर, १६९८ च्या सुमारास, आर्पने ह्याच चर्चसाठी ऑर्गन बांधून दिला. त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही तेथे उभी आहे.

वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १६६६ साली, आर्प ग्लुकष्टाट येथे बेरेंट हुस ह्या ऑर्गन बांधणाऱ्या नातलगाच्या हाताखाली उमेदवारीला राहिला. पाच वर्षे शिकाऊ आणि पुढे त्याच कारखान्यात कारागीर, असा त्याचा क्रम होता. हुस ह्यांना श्टाडे ह्या गावी मोठे काम मिळाले होते. १६५९ सालच्या आगीत ते गाव जळाले होते आणि चर्च पुन्हा उभारली जात होती. सेंट कॉस्मे चर्चच्या ऑर्गनवर गुरु-शिष्यांनी मिळून काम केले. १६७६ साली हुस वारले तेव्हा काही कामे अर्धवट राहिली होती. शिष्याने ती पुरी केली आणि पुढच्या वर्षी कारखाना स्वतःच्या नावावर चालवावयास घेतला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचाही झाला नव्हता. सेंट कॉस्मेचा तो ऑर्गन आजही वाजतो आणि तेथे गुरूचे काम कोठे संपले व शिष्याचे कोठे सुरू झाले, हे कानाने सांगणे कठीण जाते.

हे वाद्य कसे असते

पुढे जाण्याआधी ऑर्गन म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे बरे, कारण आमच्या पुष्कळ मंडळ्यांत ऑर्गन म्हणजे पायपेटी असाच समज आहे. पायपेटीत आणि हातपेटीत पितळेच्या पट्टीवजा जिभा असतात व भात्याच्या वाऱ्याने त्या थरथरतात. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक सुरासाठी एक स्वतंत्र नळी उभी केलेली असते. बहुतेक नळ्या बासरीच्या किंवा शिट्टीच्या तत्त्वावर बोलतात, काहींच्या बुडाशी सनईसारखी जीभ असते. एका जातीच्या नळ्यांची संपूर्ण ओळ म्हणजे एक स्टॉप. वादकाने स्टॉपची खुंटी ओढली की ती ओळ वाजावयास सिद्ध होते. मोठ्या वाद्यात असे पन्नास-साठ स्टॉप असतात. सर्वांत खर्जातली नळी बत्तीस फूट लांबीची, तीन मजली घराएवढी. तर सर्वांत लहान नळी करंगळीहूनही लहान. वारा पुरविण्यासाठी मोठाले भाते असत आणि ते तुडविण्यासाठी माणसे ठेवावी लागत. वीज येईपर्यंत ही व्यवस्था अशीच चालू होती.

उत्तर जर्मनीतील ऑर्गन हा एकाच चर्चमध्ये बसविलेल्या अनेक ऑर्गनांचा समूह असतो. मधला मुख्य भाग तो हाउप्टवेर्क. वादकाच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर, लोकांच्या सर्वांत जवळ असतो तो र्‍युकपोझिटीव्ह. डोक्यावर एक, छातीसमोर एक, आणि दोहो बाजूंच्या उंच मनोऱ्यांत पायांनी वाजवावयाचा पेडलचा भाग. प्रत्येकाला पट्ट्यांची आपली ओळ आणि आपला आवाज. वादक एका भागावर प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या भागावर उत्तर देतो. आमच्याकडे भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि टाळकरी ती उचलतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या साखळीने थेट नळीखालची झडप उघडते. बोटाच्या जोरात थोडा फरक पडला तरी सुराच्या आरंभात तो कळतो.

सतराव्या शतकात हांबुर्गसारख्या शहरांत मंडळीच्या गायनाला ऑर्गनची साथ देण्याची रीत रुळत होती. मोठ्या चर्चमध्ये सगळी मंडळी एकदम गाऊ लागली म्हणजे त्यांना सुरात आणि लयीत धरून ठेवणे हे हलके काम नव्हे. श्निटगरच्या पेडलचा खर्ज आणि वरच्या नळ्यांचा लखलखीत आवाज ह्या गरजेतून घडला. त्याचे ऑर्गन एकट्या वादकाचे कौशल्य दाखवितात, तसेच मंडळीलाही हात देतात.

हांबुर्गची वर्षे

१६८२ साली श्निटगर हांबुर्गला आला आणि त्या शहराचा नागरिक झाला. सेंट निकोलाय चर्चने त्याच्यावर मोठी जबाबदारी सोपविली होती. पाच वर्षे काम चालले. १६८७ साली ऑर्गन पुरा झाला तेव्हा त्यात चार ओळींच्या पट्ट्या, पायांचा पेडल आणि ६७ स्टॉप होते. त्या काळी एवढे मोठे वाद्य जर्मनीत दुसरे नव्हते. आम्हा हैदराबादकरांना १६८७ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. एकीकडे एक राज्य बुडत होते आणि दूर दुसरीकडे एक सुतारपुत्र चार हजारांवर नळ्या एका सुरात आणीत होता.

हे वाद्य पाहण्यासाठी आणि वाजवून पाहण्यासाठी ल्युबेकहून डीट्रिख बुक्स्टेहूडे हांबुर्गला आला. हा त्या काळचा उत्तर जर्मनीतील थोर ऑर्गनवादक. पुढे ह्याच बुक्स्टेहूडेचे वादन ऐकावयास तरुण योहान सेबास्टियन बाख शेकडो मैल चालत गेला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. श्टाड्यातील सेंट कॉस्मेचा वादक विन्सेंट ल्युबेक हाही १७०२ साली सेंट निकोलायला आला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला.

सेंट निकोलायनंतर लगेच सेंट याकोबी चर्चचे काम आले. १६८९ ते १६९३ अशी चार वर्षे ते चालले. साठ स्टॉप आणि सुमारे चार हजार नळ्यांचा हा ऑर्गन श्निटगरच्या मोठ्या वाद्यांपैकी आजवर टिकून राहिलेला सर्वांत महत्त्वाचा होय. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या जागी आधीचा जुना ऑर्गन होता. नवे वाद्य बांधावयाचे म्हणून श्निटगरने जुने सर्व वितळवून टाकले नाही. आपल्या आधीच्या शंभर वर्षांतील कारागिरांच्या पुष्कळ नळ्या त्याने तपासल्या, चांगल्या त्या निवडल्या, दुरुस्त केल्या आणि आपल्या नव्या नळ्यांच्या शेजारी उभ्या केल्या. ह्यात मंडळीचा पैसा वाचला हे खरेच. पण नुसता पैसा वाचविण्यासाठी कोणी इतके कष्ट घेत नाही. जुनी नळी नव्या नळीशी एकसूर करणे नवी बनविण्यापेक्षा कधी कधी अवघड असते. दुसऱ्याचे चांगले काम मोडावयाचे नाही, ही त्याची रीतच होती.

कारखान्याचा व्याप मोठा झाला. उत्तर जर्मनीत ठिकठिकाणी त्याचे कारागीर काम करीत. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन प्रांतात त्याने अनेक वाद्ये बांधली. ग्रोनिंगेनच्या मार्टिनी चर्चचे काम १६९२ सालचे. हांबुर्ग हे बंदर असल्यामुळे त्याचे ऑर्गन पेट्यांत भरून जहाजाने पोर्तुगाल, इंग्लंड आणि रशियापर्यंत गेले. ब्राझील देशातील मारियाना गावच्या कॅथीड्रलमध्ये एक ऑर्गन आहे. तोही श्निटगरच्याच कारखान्यातला मानला जातो. पोर्तुगालच्या राजाने दिलेल्या भेटीमुळे तो १७५३ साली समुद्रापार तेथे पोहोचला. १७०८ साली प्रशियाच्या राजाने श्निटगरला दरबारी ऑर्गनकार नेमले. एकूण दीडशेहून अधिक वाद्यांवर त्याने काम केले. त्यांतील सुमारे तीस आज बऱ्याच अंशी शिल्लक आहेत.

लहान मंडळ्यांचा कारागीर

एवढी यादी वाचून कोणास वाटेल की हा राजेरजवाडे आणि श्रीमंत शहरे ह्यांचाच कारागीर होता. तसे नव्हते. त्याची पुष्कळ वाद्ये खेड्यांत आहेत. एल्ब नदीच्या काठच्या स्टाइनकिर्शेन, होलर्न ह्या शेतकऱ्यांच्या गावांत त्याने ऑर्गन बांधले. हलाखीच्या मंडळ्यांसाठी तो नफ्याकडे न पाहता काम करी आणि कधी कधी करारात नसलेला एखादा स्टॉप आपल्या पदरच्या खर्चाने घालून देई. आणि हे काम मनावाचून केलेले नसे. खेड्यातील नळी कापताना आणि शहरातील नळी कापताना त्याचा हात एकच होता. आज तीनशे वर्षांनी दोन्ही ठिकाणी कान लावून ऐकणारे हेच सांगतात.

काप्पेल ह्या समुद्राजवळच्या लहानशा गावाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. १८१० साली तेथील चर्च आगीत जळाले. नवे बांधले, पण नव्या ऑर्गनची ऐपत नव्हती. त्या सुमारास हांबुर्गातील सेंट योहानिस मठाच्या चर्चचा, श्निटगरने १६८० साली बांधलेला ऑर्गन विकाऊ होता. गावाने तो १८१६ साली घेतला. पुढच्या काळात शहरांतील मंडळ्यांनी बदलत्या आवडीप्रमाणे आपापल्या जुन्या ऑर्गनांत फेरफार केले. काप्पेलकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून त्यांचा ऑर्गन जवळजवळ जसाच्या तसा राहिला. १९५० नंतर हेल्मुट वाल्खा ह्या अंध वादकाने बाखच्या रचनांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी ह्याच गावचा ऑर्गन निवडला, आणि त्या तबकड्यांवरून जगभर लोकांनी काप्पेलचे नाव ऐकले.

घर, शेवट आणि एक अप्रिय प्रसंग

१६८४ साली श्निटगरने हांबुर्गच्या एका व्यापाऱ्याची कन्या गेर्ट्रूड हिच्याशी विवाह केला. त्यांना मुलेबाळे झाली. सासऱ्यांकडून एल्बच्या पलीकडे नॉयनफेल्डे गावी शेतीवाडी मिळाली आणि पुढे तो तेथेच राहावयास गेला. १७०७ साली गेर्ट्रूड वारली. काही वर्षांनी त्याने दुसरा विवाह केला. नॉयनफेल्डेच्या चर्चमध्ये १६८८ साली त्यानेच बांधलेला ३४ स्टॉपचा ऑर्गन आहे आणि त्याच्या कुटुंबाचे बाकही तेथे आहे. दर रविवारी आपल्याच हातच्या वाद्याच्या साथीने गाण्याचे भाग्य किती कारागिरांना लाभते! १७१९ च्या जुलैमध्ये ह्याच चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. नेदरलंड्समधील झ्वोले येथील मोठे काम त्या वेळी हाती होते. त्याचे मुलगे योहान गेओर्ग आणि फ्रान्स कास्पार ह्यांनी ते १७२१ साली पुरे केले. गुरूचे अर्धे राहिलेले काम त्याने पुरे केले होते. त्याचे काम त्याच्या मुलांनी पुरे केले.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने सेंट याकोबीत एक प्रसंग घडला. तो मंडळ्यांनी विसरू नये असा आहे. १७२० च्या शरद ऋतूत तेथील वादकाची जागा रिकामी झाली. उमेदवारांत योहान सेबास्टियन बाख होता. नुकतीच त्याची पत्नी निवर्तली होती आणि त्याला चर्चमधील कामाची ओढ होती. त्याने हांबुर्गला येऊन सेंट काटारिनेन चर्चमध्ये दोन तासांवर वादन केले आणि ऐकणारे थक्क झाले. तरी जागा त्याला मिळाली नाही. ती मिळाली योहान योआखिम हाइटमान ह्याला. त्याने चर्चच्या तिजोरीत चार हजार मार्क भरल्याची नोंद आहे. असे पैसे स्वखुशीची देणगी म्हणून घेण्याची तेथे वहिवाट होती. सेंट याकोबीचे प्रमुख पाळक एर्डमान नॉयमाइस्टर ह्यांना हे सहन झाले नाही. नाताळच्या उपदेशात त्यांनी ह्यावर भर सभेत कोरडे ओढले, असे त्या काळच्या एका संगीतज्ञाने लिहून ठेवले आहे. श्निटगरच्या सर्वांत सुंदर वाद्यापाशी बाख बसणार होता. पैशाच्या व्यवहाराने ते राहून गेले.

आगी, युद्धे आणि वाचविणारे हात

माणूस गेल्यावर त्याच्या कामाचे काय होते, हा चरित्राचाच एक भाग आहे. सेंट निकोलायचा तो प्रचंड ऑर्गन १८४२ च्या मे महिन्यात हांबुर्गच्या मोठ्या आगीत चर्चसकट भस्मसात झाला. आमच्याकडे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ज्ञानोदय सुरू झाले ते हेच साल. त्या ऑर्गनचा आवाज कसा होता हे आता कोणालाही ऐकविता येणार नाही. ल्युबेकच्या कॅथीड्रलमधील श्निटगरचा ऑर्गन मार्च १९४२ मध्ये बाँबवर्षावात गेला.

सेंट याकोबीचा वाचला, पण सहज नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सरकारने दर्शनी भागातील नळ्या कथिलासाठी काढून नेल्या. उरलेले वाद्य धूळ खात पडले होते. १९१९ साली हान्स हेनी यान ह्या तरुण लेखकाने त्याची योग्यता ओळखली, लोकांचे लक्ष तिकडे वेधले आणि दुरुस्तीसाठी खटपट केली. दुसऱ्या महायुद्धात धोका ओळखून १९४२ साली नळ्या आणि वाऱ्याच्या पेट्या उतरवून सुरक्षित जागी ठेवल्या गेल्या. जून १९४४ मध्ये बाँब पडून चर्च उद्ध्वस्त झाले आणि ऑर्गनचा कोरीव लाकडी साज जळाला. परंतु नळ्या नव्हत्याच तेथे! युद्ध संपल्यावर चर्च उभे राहिले, नळ्या परत आल्या, आणि युर्गेन आरेंट ह्या कारागिराने काळजीपूर्वक जीर्णोद्धार करून १९९३ साली, बरोबर तीनशे वर्षांनी, ते वाद्य पुन्हा मंडळीच्या स्वाधीन केले. २०१७ साली युनेस्कोने ऑर्गन बांधण्याची विद्या आणि त्याचे संगीत ह्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

घरच्या संगणकावर

आता ज्या नवलाचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्याकडे वळू. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत इंग्लंडमधील मार्टिन डाईड ह्यांनी संगणकासाठी एक आज्ञावली तयार केली. तिचे नाव हाउप्टवेर्क, म्हणजे वर सांगितलेला ऑर्गनचा मुख्य भाग. ग्रँडऑर्ग नावाची दुसरी एक आज्ञावली विनामूल्य मिळते. ही युक्ती समजण्यास कठीण नाही. ध्वनिमुद्रण करणारे लोक जुन्या चर्चमध्ये जातात, बहुधा रात्री, जेव्हा रस्ता शांत असतो. एकेक नळी स्वतंत्र वाजविली जाते. चार हजार नळ्या असल्या तर चार हजार वेळा. सूर सुरू कसा होतो, टिकतो कसा, आणि पट्टी सोडल्यावर चर्चच्या छताखाली तो कसा विरत जातो, हे सर्व मुद्रित होते. पट्टी झटकन सोडली तर निनाद एक असतो, लांबवून सोडली तर दुसरा. म्हणून तेही वेगवेगळे घेतात. लाकडी काड्यांची खडखड आणि वाऱ्याचा सूं सूं आवाजसुद्धा टिपतात.

हा सर्व संच संगणकात भरतात. तारेने जोडलेल्या पट्ट्यांच्या वाद्यावर बोट पडताच संगणक नेमक्या त्या नळीचा आवाज बाहेर सोडतो. मोठ्या ऑर्गनसाठी संगणकाची स्मरणशक्ती भरपूर लागते. सोळा, बत्तीस, कधी चौसष्ट गिगाबाइट. लहान खेड्यातील ऑर्गन मात्र साध्या संगणकावरही चालतो. श्निटगर घराण्याच्या काही ऑर्गनांचेही असे संच निघाले आहेत. ज्याला खरा छंद आहे तो पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी आणि पायांचा पेडलही बसवितो. काचीगुड्यासारख्या ठिकाणी एवढी जागा कोणाकडे असते! पण एक पट्ट्यांची ओळ, एक हेडफोन आणि वीज गेल्यास संगणक एकाएकी बंद पडू नये म्हणून बॅटरीची सोय, इतक्यावर आरंभ करता येतो. आमच्या काचीगुडा स्टेशनची १९१६ सालची घुमटांची इमारत वाचकांनी पाहिली असेल. उंच छताखाली टाळी वाजविली तर तिचा नाद कसा परत येतो ते आठवावे. दगडी चर्चमध्ये तो कितीतरी अधिक रेंगाळतो. तोच रेंगाळणारा नाद दहा बाय बाराच्या खोलीत कानाशी येतो, तेव्हा मनुष्य क्षणभर भिंती विसरतो.

ह्याचे फायदे उघड आहेत. ज्या मुलाला युरोप कधी दिसणार नाही त्याला श्निटगरच्या काळच्या नळ्यांवर सराव करता येतो. जुन्या वाद्याचा आवाज निदान नोंदला तरी जातो. २०२० च्या जुलैमध्ये फ्रान्समधील नांत येथील कॅथीड्रलचा शतकांपूर्वीचा ऑर्गन आगीत गेला, तेव्हा अशा नोंदीची किंमत जगाला पुन्हा कळली. सेंट निकोलायचा आवाज १८४२ साली असा कोणी टिपून ठेवू शकले नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. संगणकाच्या पट्टीखाली झडप नाही, म्हणून बोटाला वाऱ्याचा दाब जाणवत नाही. बत्तीस फुटी नळी बोलते तेव्हा पायाखालची फरशी हलते. हेडफोनमध्ये ती हलत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव ही की खोलीत मंडळी नसते. श्निटगरने आपली वाद्ये अनेकांचे गाणे एका सुरात धरण्यासाठी बांधली. एकट्याने कानात ऐकलेला आवाज कितीही खरा असला तरी त्याचे ते काम तेथे होत नाही. म्हणून घरचा संगणक ही शिकण्याची आणि सरावाची जागा समजावी; वाजवावयाचे ते शेवटी लोकांत येऊन.

आमच्यासाठी

आमच्या मराठी मंडळ्यांत नळ्यांचे ऑर्गन नाहीत म्हटले तरी चालेल, आणि त्याची खंत करण्याचे कारण नाही. रेव्हरंड टिळकांसारख्यांनी भजन-कीर्तनाचा मार्ग दाखविला. पेटी, तबला आणि टाळ ही आमची वाद्ये झाली. श्निटगरचे चरित्र आम्हाला ऑर्गन विकत घ्या असे सांगत नाही. जे आहे त्याची निगा राखा, एवढे मात्र नक्की सांगते. पुष्कळ चर्चमध्ये जुन्या मिशनऱ्यांच्या काळची पायपेटी कोपऱ्यात पडलेली असते. तिच्या भात्याला भोक पडलेले असते, दोन-चार जिभा बसलेल्या असतात, वर फुलदाणी ठेवलेली असते. कित्येकदा नवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येताच ती भंगारात जाते. तिच्यात किती जिभा अजून चांगल्या आहेत हे आधी कोणी तरी उघडून पाहावे. श्निटगर जुन्या नळ्या निवडीत बसला, तो काही रिकामटेकडा नव्हता.

पंचकमिटीच्या सभासदांनी १७२० सालचा प्रसंग लक्षात ठेवावा. वादकाची निवड, पाळकाची निवड, शाळेतील शिक्षकाची निवड, कोठेही देणगीचा आकडा गुणांच्या पुढे बसू नये. चार हजार मार्क केव्हाच खर्च झाले. बाख मात्र त्या मंडळीला पुन्हा मिळाला नाही.

आणि रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. मुलांना हे चरित्र सांगताना घरून दोन-तीन रिकाम्या बाटल्या न्याव्या. एकीत थोडे, दुसरीत अधिक पाणी घालून तोंडाशी फुंकावे. लांब नळीचा सूर खाली आणि आखूड नळीचा वर का जातो हे मुले स्वतःच ओळखतील. मग कोणाच्या घरी संगणकावर अशा ऑर्गनचा आवाज असेल तर तो दोन मिनिटे ऐकवावा. शेवटी मुलांना घेऊन चर्चमधील पेटीपाशी जावे, ती उघडून आतील जिभा आणि भाता दाखवावा, आणि ती दुरुस्त करणाऱ्या गावातील कारागिराचे नाव त्यांच्याकडून पाठ करून घ्यावे.